अंगठ्याएवढी गाजरं

सुट्टीच्या दिवशी मला कुणी उठवू नये, एवढीच माझी या जगाकडे मागणी आहे. आठवडाभर मी इस्पितळाच्या लाँड्रीत गरम रोलरसमोर उभी असते. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट, जे जे आत जातं ते दाबून सपाट करून बाहेर काढते. संध्याकाळी घरी येते तेव्हा मीसुद्धा तशीच सपाट झालेली असते. तेव्हा रविवारी तरी माणसाने माणसाला झोपू द्यावं.

तर त्या रविवारी मला जाग आली ती तोंडावर माती पडल्याने.

डोळे उघडले तर दोन्ही पोरं पलंगाला खेटून उभी. बारक्या, म्हणजे माझा चार वर्षांचा मुलगा, त्याच्या मुठीत गाजरांचा झुबका, पाल्यासकट. त्याची माती माझ्या धुतलेल्या चादरीवर. मागे त्याची ताई, आठ वर्षांची, हाताची घडी घालून. ती अशी उभी राहिली की मला लाँड्रीतल्या आमच्या सुपरवायझरची आठवण होते, म्हणून मी तिला साहेब म्हणते.

"आई, झाली," बारक्या म्हणाला.

"काय झाली?"

"गाजरं. ताईच्या अंगठ्याएवढी झाली. आज बाबा येणार."

मी उशीखालचा फोन चाचपला. ऊन खिडकीतून आत येऊन भिंतीवर चढलं होतं. पहाटेचा गजर एकतर वाजला नव्हता, नाहीतर वाजून वाजून बंद पडला होता. झोप कुठच्या कुठे गेली.

आता हे गाजरांचं प्रकरण काय ते सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल, परसात चार गाजरं उगवली म्हणून बाई एवढी घाबरते कशाला.

माझा नवरा बेकरीत भट्टीवर कामाला होता. पाव म्हणू नका, बिस्किटं म्हणू नका, सगळं त्याच्या हातात बसलेलं. त्याला सुट्टी असली की पोरांना घेऊन स्वयंपाकघरात पसारा मांडायचा. मागच्या दाराबाहेर आमची बाग आहे. बाग म्हणजे काय, दोन खाटा शेजारी टाकल्या तर संपेल एवढी जागा. तिथे जे हाताला लागेल ते केकात जायचं. भोपळा, बीट, एकदा तर पालक. तो हिरवा केक पोरांनी मिटक्या मारत संपवला, आणि मी ताटात पालक वाढला की हीच पोरं तोंड फिरवून बसतात. पसारा आवरायला अर्थातच मी.

मग त्याला दूरच्या शहरात पावाच्या एका मोठ्या कारखान्यात काम मिळालं. थोडेच महिने, म्हणाला, नवी मशिनं चालू करून देतो आणि येतो. जायच्या आदल्या संध्याकाळी त्याने पोरांना घेऊन गाजराचं बी पेरलं. साहेबांनी विचारलं, बाबा, तू परत कधी येणार? त्याने तिचा अंगठा धरून ओल्या मातीवर टेकवला आणि सांगितलं, गाजरं ह्या अंगठ्याएवढी जाड झाली की मी आलोच. मग आपण केक करू.

तो तेव्हा खोटं बोलत होता असं मला अजूनही वाटत नाही. त्या वेळी तोंडाला जे गोड लागलं ते बोलला. माणूसच तसा आहे.

झालं, तेव्हापासून रोज शाळेआधी साहेबांची पाहणी. गाजराच्या मानेभोवतीची माती बोटाने बाजूला करायची, अंगठा लावून बघायचा, माती परत सारखी करायची आणि बारक्याला निकाल द्यायचा, "अजून नाही." बारक्याने धावत येऊन मला सांगायचं, "अजून नाही." मी भांडी घासता घासता म्हणायचं, बरं.

गाजरं करंगळीएवढी होती तेव्हा त्याचा फोन आला. मी लाँड्रीच्या मागच्या जिन्यात जाऊन घेतला. इकडची तिकडची विचारपूस झाली. मग म्हणाला, मी आता तिकडे परत यायचा नाही. इथेच राहणार. इथे कुणीतरी आहे. मी विचारलं, आणि पोरं? मग म्हणाला, "तू सांग ना त्यांना. मला नाही जमायचं ते. तुला जमतं सगळं."

तुला जमतं. लग्न झाल्यापासून हेच ऐकत आले. नळ गळतोय, तुला जमतं. शाळेतल्या बाईंनी बोलावलंय, तुला जमतं. त्याच्या आईचं शेवटचं दुखणं, उठवणं-बसवणं, तेही मला जमलं. एखाद्या बाईकडून जन्मभर राबवून घ्यायचं असेल ना, तर तिच्यावर ओरडू नये, तिला एवढंच म्हणत राहावं. मी फोन ठेवला आणि आत जाऊन उरलेल्या चादरी दाबल्या. रडायचंसुद्धा जिवावर आलं होतं.

पोरांना सांगायला हवं होतं, कळत का नव्हतं मला? आज सांगते म्हटलं तर बारक्याला ताप. उद्या सांगते म्हटलं तर साहेबांची शाळेत परीक्षा. परवा मी अशी गळून आले की बूट काढायचं त्राण नव्हतं, तोंड कुठून उघडणार. बाबा फोन का करत नाही, तर त्याचा फोन बिघडलाय, असं सांगून वेळ मारून नेली. आणि इकडे गाजरं काही माझ्यासाठी थांबायला तयार नव्हती. एका पहाटे मागचं दार उघडून बघते तर एक चांगलं गुबगुबीत झालेलं, नारिंगी मान मातीबाहेर काढून बसलेलं. पोरं उठायच्या आत मी ते उपटलं, खड्डा बुजवला, नळाखाली धुतलं आणि उभ्या उभ्या खाऊन टाकलं.

मग काय, तोच धंदा लागला. रोज पहाटेचा गजर लावायचा, मांजराच्या पावलांनी मागे जायचं, जे जाड दिसेल ते उपटायचं. खाऊन खाऊन जबडा दुखायला लागला तेव्हा डब्यात भरून कामावर न्यायला लागले. तिथल्या बायकांनी माझं नाव सशीणबाई ठेवलं. माझ्या शेजारी घड्या घालायला एक मावशी असतात, त्यांना एकदा मी विचारलं, काय हो, रोज जाड जाड गाजरं काढून घेते, तरी ही संपत कशी नाहीत? मावशी हसत सुटल्या. "अगं, गर्दी कमी झाली की उरलेल्यांना जागा मिळते. ती दुप्पट जोराने वाढतात. लोक मुद्दाम करतात असं." म्हणजे मी रोज झोपेचं खोबरं करून ती गाजरं वाढवत होते. मी कपाळाला हात लावला.

आणि घरात दुसरी कटकट. साहेबांचा शाळेचा डबा रोज अर्धा परत यायला लागला. पाव अर्धा, केळं अर्धं. मी ओरडायची, अन्न टाकतेस, एवढं उभं राहून मिळवते ते काय परत आणायला? ती डबा ओट्यावर माझ्यासमोर ठेवायची आणि निघून जायची. दमलेली असले की मी उरलेलं तसंच तोंडात टाकायची आणि डबा घासायला घ्यायची.

तर अशी त्या रविवारची पार्श्वभूमी. मी पलंगावर उठून बसले. बारक्याने एकेक गाजर माझ्या मांडीवर मांडलं. वाकडीतिकडी, टोकाला शेपटीसारखी बारीक, पण मानेशी खरंच जाड. एकाला तर दोन पाय फुटले होते. बारक्याने त्याचं नाव पायजमेवाला ठेवलं आणि खिशात घातला.

"ह्याला किसायचं नाही. हा बाबाला दाखवायचाय."

"बाबा यायच्या आत केक तयार ठेवायचा," साहेब म्हणाल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, पण तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

तिथल्या तिथे सांगायचं होतं मी. पण बारक्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि चादरीवरची माती झटकत बसले. म्हटलं, हात कामात असले की माझं तोंड सुटतं. गाजरं किसता किसता सांगून टाकू. आज काही झालं तरी सांगायचंच, कारण जाड गाजरं आता पोरांच्याच हाती लागली होती आणि संध्याकाळी ही दोघं फाटकाशी जाऊन उभी राहणार होती.

"चला," म्हटलं. "करू केक."

आता मला केक येतो कुठे? मला चादरी येतात. पण साहेबांना सगळं पाठ. स्टुलावर उभं राहून हुकूम सोडत होत्या. आधी अंडी आणि साखर. फेस येईपर्यंत फेटायचं. "बाबा म्हणतो, दंड दुखेपर्यंत."

"माझे दंड सोमवारपासूनच दुखताहेत," मी म्हटलं. "म्हणजे झालंच म्हणायचं."

"आई, नीट कर."

नीट केलं. बारक्याला गाजरं धुवायला बादली दिली. त्याने गाजरं धुतली, फरशी धुतली, स्वतःला धुतलं आणि शेवटी पायजमेवाल्याला साबण लावला. साहेब किसायला बसल्या. मी म्हटलं, बोटं सांभाळ, तर म्हणाल्या, मला येतं, बाबाने शिकवलंय. किसाचा ढीग वाढत होता. सांगायची वेळ होती. मी तोंड उघडलं, तेवढ्यात बारक्याने अंड्याची टरफलं पिठात टाकली, खत म्हणून. बागेत घालतात तशी. ती वेचण्यात माझा बराच वेळ गेला आणि सांगायचं ते राहिलं.

मग म्हटलं, मैदा मिसळताना सांगते. मैदा मिसळताना बारक्या शिंकला. पांढरंशुभ्र झालं सगळं, आमच्या तिघांच्या भुवयांसकट. पोरं हसून हसून खाली बसली. साहेबांना हसताना बघून मला इतकं बरं वाटलं, आणि लगेच इतकं वाईट वाटलं, की मी उगाच डब्यात दालचिनी शोधत राहिले. दालचिनी समोरच होती.

तेल, किस, चिमूटभर मीठ. साहेब बोट बुडवून चव बघायच्या आणि मान हलवायच्या. टिनाच्या भांड्याला तेल लावून त्यात सगळं ओतलं. म्हटलं, आता एकदा हे ओव्हनमध्ये गेलं की सांगते. आता मात्र शेवटचं.

आमच्या ओव्हनचं एक आहे. तो बेकरीने मोडीत काढलेला, नवऱ्याने घरी आणलेला, ओट्याखालच्या फळीवर ठेवलेला. दाराची कडी तुटकी. दार नुसतं लोटलं की आपलं आपण खाली पडतं. म्हणून दाराला लाकडी खुर्चीची पाठ टेकवायची आणि केक होईपर्यंत त्या खुर्चीवर कुणीतरी बसून राहायचं. वजन उठलं की खुर्ची सरकते, दार आ वासतं, गार वारा आत जातो आणि केक मध्ये बसतो. एरवी तिथे नवरा बसायचा, पाय लांब करून, गाणी म्हणत. पसाऱ्यातलं तेवढंच एक काम असं होतं की जे बसून करायचं, आणि ते त्याने स्वतःकडे ठेवलं होतं.

"मी बसते," साहेब म्हणाल्या.

"तुझं वजन पुरायचं नाही. बसते मी."

बसले. पाठीला ऊब लागली तसं अंग सैल पडलं. आठवड्यात पहिल्यांदा कुणी माझी पाठ शेकत होतं. डोळे मिटायला लागले. एवढा केक होईपर्यंत असंच बसू दे, मग सांगते, असं मी मनाशी म्हटलं. ह्या म्हणण्याला काही अंत नव्हता, मलाही ठाऊक होतं.

"बारक्या," साहेब म्हणाल्या, "तू फाटकाशी जाऊन बघ बाबा दिसतो का. पायजमेवाल्याला घेऊन जा."

बारक्या पळाला. साहेब माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. ह्या वेळी हाताची घडी नव्हती. हात नुसते लोंबत होते, बोटांना किस चिकटलेला.

"आई, तू उठू नकोस हं."

"नाही उठत."

"उठलीस तर केक बसेल."

"नाही उठत गं बाई. काय झालं?"

"गजर मी बंद केला," ती म्हणाली. "काल रात्री, तू झोपल्यावर. तुझ्या फोनमधला."

मला आधी समजेचना. मी म्हटलं, का? मला झोप मिळावी म्हणून?

"नाही. तू रोज जाड गाजरं काढून खातेस. मी खिडकीतून बघते." तिचा आवाज अगदी सपाट होता. "आधी मला वाटलं, तुला भूक लागते. म्हणून मी डब्यातलं अर्धं तुझ्यासाठी परत आणायला लागले. तू ते खायचीस. पण सकाळी परत गाजरं काढायचीसच."

तो अर्धा पाव. ते अर्धं केळं. आणि मी त्यावर तिला ओरडत होते.

"मग मला कळलं," ती म्हणाली. "तुला बाबा यायला नकोय. गाजरं झाली की तो येईल, म्हणून तू ती होऊच देत नाहीस."

खरं सांगते, पहिल्यांदा मला राग आला. तिचा नाही, त्याचा. तो तिकडे कुणाच्या तरी घरात आरामात बसलेला, आणि इथे माझ्या पोरीच्या लेखी चोर मी. त्याने केलेलं पाप गाजराच्या पाल्यासकट माझ्या पदरात. एवढे दिवस मी ज्यांना वाचवते आहे असं मला वाटत होतं, त्यांच्यातली एक रोज पहाटे खिडकीशी उभी राहून माझा हिशेब मांडत होती. आणि तरीसुद्धा डबा अर्धा आणत होती.

भूकच लागायची गं, असं म्हणून मोकळी झाले असते. तिने विश्वास ठेवला असता, ठेवायची तिची तयारी होती. पण मग ती फाटकाशी जाऊन उभी राहिली असती, आज, उद्या, पुढची गाजरं येईपर्यंत. आणि तो न येण्याचं खापर कायमचं माझ्या तोंडावर फुटलं असतं. ते मी सोसलं असतं एकवेळ. पण तिने आईला असं मनातल्या मनात सांभाळून घेत मोठं व्हावं, हे मला सोसणार नव्हतं.

"इकडे ये," मी म्हटलं.

ती आली नाही. मी तिथूनच सांगितलं.

"बाबा येणार नाहीये. गाजरांमुळे नाही. मी काढली म्हणूनही नाही. ती केवढीही झाली असती तरी तो येणार नव्हता. त्याने मला फोन करून सांगितलंय. तो आता तिकडेच राहणार, दुसऱ्या कुणाबरोबर. आपल्या घरी राहायला परत यायचा नाही तो."

मागे ओव्हनमध्ये कसलासा बारीक आवाज होत होता.

"मला तुम्हाला सांगता येत नव्हतं," मी म्हटलं. "गाजरं झाली की सांगावं लागलं असतं. म्हणून मी ती होऊ देत नव्हते. मला धीर नव्हता, एवढंच."

"कधी सांगितलं त्याने?"

"गाजरं करंगळीएवढी होती तेव्हा."

"माझ्या करंगळीएवढी की बारक्याच्या?"

"तुझ्या."

तिने आपल्या करंगळीकडे बघितलं. मग अंगठ्याकडे. मधले सगळे दिवस ती मोजत होती, मला दिसत होतं.

"म्हणजे मी रोज मोजत होते, तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

तिने हाताला चिकटलेला किस फ्रॉकला पुसला आणि मागच्या दाराने बाहेर गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं मला.

मी खुर्चीवर. पाठीमागे केक. उठू नकोस असं तिनेच बजावलं होतं, आणि त्या घटकेला ती गोष्ट इतकी सोयीची होती की काय सांगू. बसून राहायला कारण होतं. पाय तर कधीचे म्हणत होते, बस. थोडा वेळ जाऊ दे, ती शांत होईल, केकही होईल. तुला जमतं सगळं, तर हेही जमेल, नंतर.

मी उठले. खुर्ची सरकली, दार धाडकन खाली पडलं, गरम वाफ पायांवर आली. मागे वळून बघितलं नाही.

ती बागेत उकिडवी बसली होती. सकाळी गाजरं उपटल्याचे खड्डे एकेक करून बुजवत होती, वरून तळव्याने माती थापत होती. मीही तिच्याशेजारी बसले. गुडघे कटकन वाजले. एक खड्डा मी बुजवला. तिने तो उकरून परत नीट बुजवला. माझ्याकडे पाठ होती तिची, पण खांदे हलत होते. मी पाठीवर हात ठेवला तर झटकला. परत ठेवला तेव्हा राहू दिला.

"केक बसला असेल," ती नाक ओढत म्हणाली.

"बसू दे."

एवढ्यात बारक्या आला. "बाबा नाही दिसत. मला भूक लागली."

मी तोंड उघडलं, पण साहेबांनीच सांगितलं. "बाबा येणार नाहीये. तो तिकडेच राहणार."

"आज नाही येणार?"

"आपल्याकडे राहायला नाही येणार. कधीच."

बारक्याने माझ्याकडे बघितलं. ताई कधी कधी त्याला फसवते, म्हणून तो माझ्याकडून खात्री करून घेतो. मी मान हलवली. त्याच्या ओठांचा चंबू झाला, थरथरला, आणि मग त्याने भोकाडच पसरलं. "मग पायजमेवाला कुणाला दाखवू?"

"मला दाखव."

त्याने खिशातून काढून दाखवला. एक पाय केव्हाच खाऊन टाकला होता. ते बघून साहेबांना रडता रडता हसू आलं, आणि हसता हसता जोरात रडू आलं. मग दोघंही माझ्या अंगावर कोसळली. मातीत बसकण मारून मी त्यांना धरून ठेवलं. मलाही रडू आलं. त्या जिन्यात यायला हवं होतं ते इतक्या दिवसांनी आलं. कुणी कुणाचे डोळे पुसायच्या भानगडीत पडलं नाही.

केक खरंच बसला होता. मध्ये खोलगट, ओलसर, कडेने मात्र चांगला फुललेला. परत ओव्हनमध्ये घालून तिघंही खुर्चीवर बसलो, एकमेकांच्या मांडीवर, पण तो वर आला नाही तो नाहीच. शेवटी टिनाचं भांडं मागच्या पायरीवर नेलं, तीन चमचे घेतले आणि तसाच खायला बसलो. साखर जास्त झाली होती. दालचिनी मी दोनदा घातली होती.

"बाबाचा बसायचा नाही," साहेब म्हणाल्या.

"नाही," मी म्हटलं. "त्याचा फार छान व्हायचा."

तिने माझ्याकडे बघितलं. मी एवढं कबूल करेन असं तिला वाटलं नसावं. मग तिने मधला ओला भाग स्वतःकडे ओढला आणि कडेचा फुललेला माझ्याकडे सरकवला. मी तो बारक्याकडे सरकवणार होते, सवयीने. पण ती बघत होती, म्हणून खाल्ला.

भांडं रिकामं झाल्यावर ती उठली आणि वाफ्याच्या कडेला जाऊन बसली. उरलेली बारीक गाजरं पाला हलवत उभी होती. तिने एकाच्या मानेभोवतीची माती बोटाने बाजूला केली.

"आई, इकडे ये."

मला वाटलं, आता परत आपला अंगठा लावून बघणार. पण तिने माझा हात धरला. लाँड्रीतल्या वाफेने सोललेला, नखाशी चिरा पडलेला माझा अंगठा तिने उलटसुलट करून बघितला आणि गाजराशेजारी मातीत टेकवला. गाजर त्याच्या निम्मंही नव्हतं.

"आता ह्याने मोजायचं," ती म्हणाली. "तुझ्या अंगठ्याएवढी झाली की परत केक करायचा."

"बरं."

"आणि मध्येच काढून खायची नाहीत."

"नाही खाणार," मी म्हटलं.

तिने माती सारखी केली. मग फोन मागितला, आणि उद्याचा पहाटेचा गजर शोधून, मला दाखवून, पुसून टाकला.